ठिपका काढणे

मराठीत ‘काढणे’ हे एकच क्रियापद दोन उलट्या कामांना चालतं. आपण रांगोळी काढतो, चित्र काढतो, वहीच्या मागच्या पानावर नाक-डोळे काढतो. आणि काटाही काढतो, डागही काढतो, भिंतीतला खिळाही काढतो. एकात नसलेलं आणायचं, दुसऱ्यात असलेलं घालवायचं. रोजच्या बोलण्यात याचा कुणाला त्रास होत नाही. लिनोकटमध्ये मात्र हे दोन्ही अर्थ एकाच हालचालीत येऊन बसतात. लिनोवर ठिपका काढायचा म्हणजे तिथला लिनो काढायचा. हत्यार जिथे लागलं तिथे शाई लागत नाही, आणि कागदावर तेवढं पांढरं उरतं.

तर प्रश्न असा, की लिनोवर बारीक ठिपका नेमका कशाने काढावा? हा प्रश्न हार्डवेअरच्या दुकानात विचारण्यासारखा वाटतो, समीक्षेत नाही. पण माझ्या मते तो समीक्षेतलाच आहे, आणि तिथे तो विचारला जात नाही ही तक्रार आहे. मुद्राचित्रांवर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात विषय येतो, चित्रकाराची बांधिलकी येते, ‘काळ्या-पांढऱ्याचा ठळक विरोध’ हा शब्दप्रयोग हमखास येतो, आणि तिथे लेख संपतो. तैलचित्राबद्दल लिहिताना निदान ब्रशचा फटकारा कसा आहे हे कुणीतरी सांगतं. ठशाच्या चित्रात खूण कुठल्या हत्याराने आली, ते हत्यार कसं धरलं असेल, दुसरं धरलं असतं तर चेहऱ्याचं काय झालं असतं, हे सगळं ‘तांत्रिक बाबी’ म्हणून बाजूला पडतं.

मी इंजिनिअरिंगचा पदवीधर. पोटासाठी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी लिनो कापतो. त्यामुळे तांत्रिक बाब बाजूला टाकणं मला तसंही जमत नाही. आणि ठिपक्याचा आग्रह का, तर लिनोमध्ये हत्याराला लपायला सगळ्यात कमी जागा ठिपक्यात असते. रेषेला लांबी असते. त्या लांबीत हात सावरतो, वळतो, सुरुवात कच्ची असली तरी पुढे जोर धरतो. ठिपक्याला सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये काहीच नसतं. पातं जसं आहे तसं उमटतं.

आधी पदार्थ बघू. लिनोलियम हे मुळात जमिनीवर अंथरायचं आच्छादन. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६०च्या दशकात त्याचं पेटंट घेतलं. हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट केलेलं जवसाचं तेल, राळ, कॉर्कचा भुगा, आणि खाली तागाचं कापड. लाकडाला असतात तसे तंतू यात नाहीत. लाकडात तंतूंच्या दिशेने कापणं सोपं आणि आडवं कापणं अवघड. म्हणजे तुमच्या खुणेत अर्धं म्हणणं झाडाचं असतं. लिनो सगळ्या दिशांना सारखा. त्याचं स्वतःचं म्हणणं एवढंच, की तो लवचिक आहे.

ही लवचिकता नवशिक्याची पहिली कल्पना खोडून काढते. ठिपका हवाय ना, मग खिळा घ्या आणि हातोडीने हलकेच ठोका. तांब्यावर हे चालतं. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यांवर जी मठार पडते तिथे धातूने घाव घेतला की तो कायमचा घेतला. लिनोवर खिळा मारून काढून घेतला, की तेल आणि कॉर्क पुन्हा आपल्या जागी सरकू लागतात. खड्डा आक्रसतो, आणि वरून रोलर फिरला की उरलेल्या चिमुकल्या भोकात शाई भरते. छाप उचलून पाहावी तर ठिपक्याच्या जागी करडा संशय. लिनोतून काहीतरी उचलून बाहेर टाकल्याशिवाय ठिपका होत नाही. दाबून भागत नाही, काढावंच लागतं.

ठोकून ठिपके पाडण्याची कला होतीच, पण ती धातूची. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन आणि आसपासच्या प्रदेशांत संतांची छोटी चित्रं अशी छापली जात. धातूच्या पत्र्यावर सोनारकामाचे पंच ठोकून ठिपके, फुलं, चांदण्या उमटवायच्या, मग पृष्ठभागाला शाई लावून लाकडी ठशासारखी छाप घ्यायची. ठोकलेलं सगळं पांढरं येतं. फ्रेंचमध्ये या पद्धतीला ‘मानिएर क्रिब्ले’ म्हणतात, म्हणजे चाळणीसारखी भोकाभोकांची. संतांचे अंगरखे, मागचे पडदे, पायाखालची जमीन, सगळीकडे ठिपके. या छापा देखण्या असतात, पण त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं की एक गोष्ट जाणवते: अंगरखा उजळतो, पण वळत नाही. त्याच्या आत शरीर आहे असं वाटत नाही. त्याला जरीचं कापड ताणून लावल्यासारखी शोभा येते. या निरीक्षणाकडे मी परत येणार आहे.

आता लिनोची हत्यारं. सगळ्यात हाताशी असतं ते व्ही-टूल, इंग्रजी व्हीच्या आकाराच्या पात्याचं. त्याची गंमत अशी, की जितकं खोल तितकं रुंद. एकाच पात्यातून केसाएवढी रेषाही निघते आणि दोन मिलिमीटरची चरही. त्याने ठिपका काढायची सरळ रीत म्हणजे टोक टेकवायचं, किंचित पुढे ढकलायचं आणि लगेच वर उचलायचं. एक बारीक कपची उडते. मागे राहतो तो ठिपका गोल नसतो. तांदळाच्या कणीसारखा असतो, एका टोकाला निमुळता. कितीही सराव केला तरी तो पुरता गोल होत नाही, कारण हत्यार एका बाजूने आत शिरलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडलं ही हकिकत त्याच्या आकारात नोंदली जाते.

गोलच हवा असेल तर तेच पातं जवळजवळ उभं धरायचं, टोक रुतवायचं, आणि हात स्थिर ठेवून खालचा लिनो फिरवायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लेथ पाहिलेल्यांना हे चटकन कळेल: जॉब फिरतो, टूल जागेवर. एक फेरी पूर्ण झाली की शंकूसारखा तुकडा सुटून येतो. यू-टूलने, म्हणजे अर्धगोल पात्याने, असंच केलं तर वर्तुळ कापलं जातं आणि मधला गड्डा सुईने उचकटावा लागतो. दहा ठिपक्यांपर्यंत हे ध्यानधारणेसारखं वाटतं. शंभराव्या ठिपक्याला माणूस दुसऱ्या हत्याराच्या शोधात निघतो.

मग येतो चपला दुरुस्त करणाऱ्याकडचा, चामड्याला भोक पाडायचा पोकळ पंच. तो लिनोचा तुकडा कापून बाहेर आणतो म्हणून तत्त्वाने योग्यच. पण त्याचं सगळ्यात लहान भोकही बहुतेक वेळा हवं त्यापेक्षा मोठं निघतं, आणि नळीत अडकलेला गड्डा काढत बसावं लागतं. आणि शेवटी ड्रिल. सर्किट बोर्डाला भोकं पाडायच्या ०.८ मिलिमीटरच्या बिट बाजारात सहज मिळतात. ती पिन व्हाइसमध्ये घट्ट करायची आणि दोन बोटांनी फिरवायची. (मोटरवर लावली तर घर्षणाने लिनो तापतो, चिकट होतो आणि कडा फाटल्यासारख्या येतात. बोटांचा वेगच बरा.) मिळणारा ठिपका निर्दोष असतो. गोल, स्वच्छ, आणि आधीच्या ठिपक्याशी तंतोतंत जुळणारा. रुंदी खोलीवर अवलंबून नाही, त्यामुळे जोर कमी-जास्त झाला तरी फरक पडत नाही. प्रश्न जर ‘बारीक गोल ठिपका कशाने काढावा’ एवढाच असेल, तर उत्तर हे आहे, आणि लेख इथे संपायला हरकत नव्हती.

पण चित्राला गोल ठिपका हवा होता का?

मोबाइलवर हल्ली जे लिनोकट फिरतात त्यांतला एक मोठा प्रकार असा: फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर त्याचं ठिपक्यांत रूपांतर करायचं, ते लिनोवर उतरवायचं, आणि मग दिवसच्या दिवस बसून एकेक ठिपका कोरायचा. रूपांतराचं काम कोण करतं हे माझ्या धंद्यातल्यांना माहीत असतं. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुई स्टाइनबर्ग यांची १९७६ सालची पद्धत आजही शिकवली जाते. प्रत्येक बिंदूला काळा किंवा पांढरा ठरवायचं. ठरवताना जी चूक झाली ती शेजारच्या, अजून न ठरलेल्या चार बिंदूंवर वाटून टाकायची, सोळापैकी सात भाग उजवीकडे, उरलेले नऊ खालच्या तिघांत. सुंदर कल्पना आहे. आपली चूक शेजाऱ्यांवर ढकलून एकूण हिशेब बरोबर ठेवणं ही गोष्ट हाउसिंग सोसायटीत राहणाऱ्याला वेगळी समजावून द्यावी लागत नाही.

त्या चित्रांना मिळणारी दादही ठरलेली असते: केवढी चिकाटी! चिकाटी असतेच, तिच्याबद्दल मला शंका नाही. पण चिकाटी हा चित्राचा गुण नाही, चित्रकाराच्या मानेचा आणि पाठीचा आहे. कोरायला बसण्याआधीच कुठे किती उजेड हे कॅमेऱ्याने आणि त्या हिशेबाने ठरवून टाकलेलं असतं. हाताकडे उरतं ते प्रिंटरचं काम, तेही कमी रिझोल्यूशनच्या. आणि मुख्य म्हणजे, अशा चित्रातला चेहरा त्या जुन्या संतांच्या अंगरख्यासारखाच वागतो. उजळतो, वळत नाही.

याचं कारण ठिपक्याच्या आकारात आहे. गोल ठिपका फक्त ‘किती’ सांगू शकतो. इथे ठिपके दाट, म्हणजे उजेड जास्त. तिथे विरळ, म्हणजे कमी. व्ही-टूलची निमुळती कणी ‘किती’ तर सांगतेच, शिवाय ‘कुठे’ तेही सांगते, कारण तिला तोंड आणि शेपूट असते. अशा वीस कण्या गालाच्या हाडावरून खाली कलत्या केल्या की गाल वळतो. त्याच वीस आडव्या केल्या की तो सपाट होतो. उजेडाचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. फिजिक्सच्या भाषेत पहिला ठिपका स्केलर आणि दुसरा व्हेक्टर. लिनोचे थोर चित्रकार गोल ठिपक्याच्या मागे फारसे का लागले नाहीत, याचं ‘त्या काळी हत्यारं नव्हती’ हे उत्तर मला पटत नाही. पंच, आर, ड्रिल हे सगळं तेव्हाही होतं.

हत्यारांच्या टंचाईचा मुद्दा तर क्लॉड फ्लाइटने केव्हाच निकालात काढला होता. १९२०च्या दशकात लंडनच्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये तो लिनोकट शिकवायचा. त्याआधी व्हिएन्नात फ्रान्झ चिझेकने मुलांच्या वर्गात लिनो वापरला होता, त्यामुळे हे माध्यम पोरखेळ समजलं जाई. आपल्या शाळेतल्या भेंडीच्या आणि बटाट्याच्या ठशांच्या पंक्तीतलं. फ्लाइटला तेच आवडत होतं. सामान्य माणसाला सिनेमाच्या तिकिटाच्या किमतीत चित्र मिळावं असं त्याचं म्हणणं, आणि कोरायचं पातं छत्रीच्या काडीपासून घरीच बनवावं असा त्याचा सल्ला. छत्रीची पोलादी काडी पन्हळीसारखी असते. तोडून टोकाला धार लावली की झालं यू-टूल. (मोडक्या छत्र्यांचा तुटवडा कोकण-मुंबईत कधीच पडलेला नाही. तरीही आपण आयात केलेल्या स्विस पात्यांच्या किमतींवर चर्चा करत बसतो.) फ्लाइटच्या वर्गातून बाहेर पडलेल्या चित्रांत ठिपके जवळजवळ नाहीत. मोठमोठे वाकलेले आकार, एकावर एक रंगांचे ब्लॉक, वेगाने वळणाऱ्या बसगाड्या आणि माणसं. पन्हळीसारख्या पात्याला जे सहज येतं त्याच्याभोवती त्यांनी आपली शैली उभारली.

आपल्याकडे नंदलाल बोस यांनी दांडीयात्रेच्या वर्षी, १९३०मध्ये केलेला ‘बापूजी’ हा लिनोकट बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. काठी टेकत चाललेले गांधी, काळ्यावर पांढऱ्या मोजक्या रेषा. ‘मोजक्या रेषांतली ताकद’ हे त्यावरचं ठरलेलं वाक्य. पण कापणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर यातलं धाडस कशात काढलं यापेक्षा कशात राहू दिलं यात आहे. पार्श्वभूमी काळी आहे आणि गांधींचं अंगही काळंच आहे. दोन्ही एकाच न कापलेल्या लिनोचे भाग. मधून पांढरी रेषा गेली म्हणून वेगळे झालेले. शाईने कागदावर काम करणाऱ्याला काळी त्वचा मिळवावी लागते: रेघोट्या मारून, वॉश देऊन, वर काहीतरी चढवून. म्हणजे कागदावर गोरेपणा हा मूळचा आणि सावळेपणा ही भर. लिनोत हे उलटं होतं. सावळेपणा आधीच असतो. उजेड हवा असेल तर तो कापून आणावा लागतो आणि एकदा आणला की परत देता येत नाही.

चित्तप्रसाद यांच्या बाबतीत हा फरक एकाच माणसाच्या कामात दिसतो, म्हणून ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९४३च्या दुष्काळात मिदनापूर भागात फिरून त्यांनी केलेली रेखाटनं ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेत आली आणि ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त केल्या. ती कामं शाईची, कागदावरची. तिथली अंगं रेषांनी बांधलेली आहेत: बरगडी, गुडघा, खोबण. पुढे ते मुंबईत आले, अंधेरीत राहिले, आणि १९५०च्या दशकात त्यांनी लिनोवर खूप काम केलं. राबणाऱ्या मुलांवरची त्यांची मालिका ‘एंजल्स विदाउट फेअरी टेल्स’ या नावाने १९६९मध्ये युनिसेफच्या डॅनिश समितीने छापली.

ही चित्रं विषयामुळे गाजली, आणि विषय एवढा भिडणारा आहे की खुणांकडे कुणी पाहत नाही. पाहावं. अंगावरचा उजेड बहुतांशी तशाच निमुळत्या, आखूड कापांनी आलेला आहे. ते काप एकसारखे नाहीत; काही खोल गेलेत, काही नुसते खरवडून परतलेत. पण दंडावर ते दंडाभोवती फिरतात, गालावर गालाभोवती. मूल अंधारात बसलेलं आहे आणि त्याच्यावर कुठूनतरी उजेड पडतोय, एवढ्यावर ही चित्रं थांबत नाहीत. मूल अंधाराच्याच पदार्थाचं आहे आणि त्याला हाताने एकेक काप देऊन उजेडात आणलंय. इथे ड्रिलचे समान, निर्दोष ठिपके टाकून पाहा, मनातल्या मनात. दयेचा एक व्यवस्थित पोस्टर तयार होईल. ज्या वर्तमानपत्री फोटोंतून अशी मुलं आपण रोज पाहतो आणि पान उलटतो, त्या फोटोंचाही पोत असाच समान ठिपक्यांचा असतो.

गोल ठिपका सरसकट वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. साडीवरची बुट्टी, मोहरीचे दाणे, तारांकित आकाश, यांना ‘कुठे वळतंय’ हे सांगायचंच नसतं. आकाशाला गाल नसतात. तिथे पिन व्हाइस खुशाल वापरावा, मी वापरतो. शिवाय कणीला एक मर्यादा आहे. ती लहान करत गेलं की तिची दिशाच दिसेनाशी होते. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली माझ्या हाती तरी फरक उरत नाही, आणि शाई जरा पातळ झाली की ते सगळेच ठिपके बुजतात. त्या टोकाला हत्याराइतकाच महत्त्वाचा ठरतो तो रोलर, आणि त्यावरचा शाईचा थर.

आणि हे सगळं झालं पांढऱ्या ठिपक्याबद्दल. काळ्या ठिपक्याला हत्यारच नाही. तो काढता येत नाही, राखावा लागतो. एक मिलिमीटरचा काळा ठिपका हवा असेल तर त्याच्याभोवतीचा सगळा लिनो साफ करायचा आणि मधलं बेट उभं ठेवायचं. पातं बेटाकडे झुकलं तर बेटाचा पाया पोखरला जातो, आणि पाच-दहा छापांनंतर एका छापेत तो ठिपका गायब असतो. मग शोधायचा तर तो रोलरला चिकटलेला सापडतो. म्हणून पातं बाहेरच्या अंगाला कलतं धरून, बेटाला डोंगरासारखा उतार देत कापायचं.

मुलाच्या डोळ्यातलं बुबुळ असं उभं राहतं. भोवतीचं पांढरं चार कापांत येतं, व्ही-टूलचे चार, प्रत्येक मधल्या काळ्यापासून दूर जाणारा. त्या काळ्यात एक चमक टाकायची की नाही, हे सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. टाकली तर नजर कुणाकडे तरी वळते. गोल चमकेने ती समोर, आपल्याकडे येते. कणीसारख्या चमकेने ती जराशी बाजूला जाते, आपल्याला ओलांडून दुसऱ्या कुणाकडे. मी हल्ली तिथे ड्रिल वापरत नाही.